कॉम्प्युटर उठेपर्यंत गिरणी बंद

या, बसा. चहा घ्या. एकच विनंती, कप दोन्ही हातांनी धरा. का, ते मागून कळेल. आणि हसायचं असेल तर खुशाल हसा. अख्खं एकोडी गाव हसून मोकळं झालंय, तुम्हीच तेवढे राहिलात.

मी साकोलीच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत आहे. साहेब वगैरे नाही हो! पुस्तकं जागच्या जागी लावायची, फाटली तर चिकटवायची आणि धूळ झाडायची. धूळ ही माझी जन्माची वैरीण. आमच्या लायब्ररीत जिल्ह्याचा एक नकाशा टांगलेला आहे. इतका जुना, की त्यात गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यातच नांदतंय. पण त्याच्यावर बोट फिरवून बघा. धुळीचा कण लागला तर मनोहर हे नाव बदलून ठेवीन.

तर कॉलेजनं जुने कॉम्प्युटर काढून टाकले, त्यातला एक मी घरी आणला. आधीची विंडोज त्याला पेलवत नव्हती, म्हाताऱ्यासारखा धापा टाकायचा. मग मी पुस्तकं वाचून, चुकत, पुसत, पुन्हा करत, त्यावर स्वतःच्या हातानं विंडोजऐवजी हलकं, फुकट मिळणारं लिनक्स टाकलं. शिकवायला कोण होतं? एकोडीत लिनक्स म्हटलं की लोकांना वाटायचं, धानाचं नवीन बियाणं निघालंय. शालिकभाऊ नावाचे आमचे एक शेतकरी आहेत. त्यांनी तर सरळ विचारलं होतं, "मनोहर, एकरी किती पिकते थे?"

रोज सकाळी कॉलेजला निघण्याआधी मी त्या कॉम्प्युटरवर रोजनिशी लिहितो. काल कोण भेटलं, काय बोललं, कुठला पक्षी दिसला, भाजीत मीठ किती होतं.

"मीठ कायले लिहिता जी?" माझी बायको सुनंदा विचारते. "खाल्लं ना? मंग झालं ना!"

तिला नाही कळायचं. बारीकसारीक टिपून ठेवणं हा माझा स्वभाव. एखादी गोष्ट का झाली, याचा छडा लावल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. याच स्वभावानं माझा घात केला, पण ते पुढे.

आता मुरली. मुरलीधर आमचा शेजारी, आणि माझा चड्डीतला दोस्त. आमच्या भिंतीला लागूनच त्याची धान भरडायची गिरणी आहे, त्याच्या वडिलांनी बसवलेली. रोज सकाळी मुरली भिंतीवरून डोकं काढायचा, "वहिनी, चाय झाली का?" म्हणायचा, आमच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा आणि मग जाऊन गिरणी सुरू करायचा. गिरणी सुरू झाली की मी रोजनिशीला बसायचो. दोघांचीही घड्याळं एकमेकांवर लावलेली.

पावसाळाभर कॉम्प्युटर गुणी बाळासारखा चालला. दिवाळी झाली, धान कापून, मळून घरात आलं, मुरलीच्या दारात बैलांच्या बंड्या आणि ट्रॅक्टर लागायला लागले. आणि कॉम्प्युटरला भूत लागलं!

म्हणजे असं. लिनक्सला उठायला जरा वेळ लागतो. त्याच्या दारावर ग्रब नावाचा एक पहारेकरी असतो. तो आधी यादी दाखवतो, काय उघडू म्हणून विचारतो. क्षणभर वाट बघतो, कोणी काही बोललं नाही तर आपणच दार उघडतो. तेवढ्या वेळात मी टेबल आवरून, पुसून घेतो. डोळे वर करून पाहतो तो माझं रोजचं चित्र आलेलं असतं.

पण त्या दिवशी डोळे वर केले तर पडदा निळाशार! इंग्रजीत कसल्याशा रकाने भरलेल्या याद्या. बंद केला, पुन्हा सुरू केला. आता निळं काही नाही. काळा पडदा, कोपऱ्यात ग्रब असं नाव आणि पुढे एक रेघ, लुकलुक लुकलुक. जणू विचारतेय, "बोला, काय काम काढलं?"

तिसऱ्यांदा तर तो बोललाच. टूं टूं टूं टूं!

"अवं, थे ओरडून काहून राहिलं?" सुनंदा चुलीपासून धावत आली.

"काही नाही. आजारी आहे."

"मंग त्याले झोपू द्या. तुम्ही जा ड्यूटीवर."

दुसऱ्या दिवशी? एकदम ठणठणीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा निळा. मला सांगा, बिघाड रोज झाला तर माणूस त्याला पकडेल. पण हा बिघाड म्हणजे गावातल्या उनाड बैलासारखा. कधी येईल, कुठून येईल, नेम नाही.

मी काही हार मानणारा नव्हतो. रविवारी सुट्टी. अंगणात चादर अंथरली आणि डबा खोलला. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरनं घासल्या. आतला नाण्याएवढा सेल बदलला. प्रत्येक वायर काढून, फुंकर मारून पुन्हा बसवली. जोडून सुरू केला, आणि काय सांगू, पहिल्या फटक्यात उठला! सुनंदाला हाक मारून दाखवला. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "आता त्या पंख्याचंही पाहा थोडं. तोबी आवाज करून राहिला."

सोमवारी निळा पडदा.

पुढच्या रविवारी मी अख्खं लिनक्स पुसून नव्यानं टाकलं. रविवारी चालला. सोमवारी टूं टूं टूं. स्टॅबिलायझर आणून लावला. तो नुसता टक टक करायचा आणि कॉम्प्युटर आपलं नाटक करायचा. मी वाटेल ते केलं हो. पण रविवारी गुणी, सोमवारी अवगुणी!

आणि मग एका सोमवारी, निळ्या पडद्यासमोर बसलो असताना माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. रविवारी मुरली गिरणी बंद ठेवतो! पट्टे बघतो, तेलपाणी करतो. त्याच क्षणी भिंतीपलीकडे गिरणीनं जोर धरला आणि माझ्या डोक्यावरच्या बल्बनं मान टाकली.

सापडलं! व्होल्टेज! गिरणी सगळी वीज ओढते आणि माझा लिनक्स उपाशी मरतो. मी आठवून पाहिलं. मधे दोन दिवस गिरणीचा पट्टा तुटला होता, तेव्हा कॉम्प्युटर चालला होता. मुरली साळ्याच्या लग्नाला करडी गावी गेला होता, तेव्हाही चालला होता. सगळं कसं चपखल बसत होतं. स्टॅबिलायझरलाही आवरली नाही, म्हणजे गिरणी किती जबरी बघा!

मी तसाच भिंतीपाशी गेलो.

"मुरली! अबे मुरली!"

"काय झालं बे?" तो डोक्यापासून पायापर्यंत कोंड्यानं पिवळा झालेला.

"तुझ्या गिरणीनं माझा कॉम्प्युटर सुरू होत नाही."

"मायी गिरणी तं तुया घरात येत नाई ना बाप्पा."

"गिरणी येत नाही, पण माझी वीज तिकडे जाते ना! उद्यापासून एक कर. आधी मी कॉम्प्युटर सुरू करतो. सुरू झाला की तुला गळ्यातला दुपट्टा हलवून दाखवतो. मग गिरणी लाव."

मुरलीनं अंगावरचा कोंडा झटकला. दोस्त तो दोस्तच. "चाल. तू बी काय आठवण ठेवशील! दाखवजो दुपट्टा."

आणि मंडळी, चालला! दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, रोज. मी बटण दाबायचो, कॉम्प्युटर मुकाट्यानं उठायचा, मी भिंतीशी जाऊन पांढरा दुपट्टा हलवायचो आणि पलीकडे गिरणी धडधडायची. स्टेशनवरच्या गार्डसारखी ऐट होती माझी! रोजनिशीत मी मोठ्या अभिमानानं लिहिलं की अडाणी माणूस यंत्राला शिव्या देतो, अभ्यासू माणूस कारण शोधतो.

हसू नका. पुढे ऐका.

एखाद्या दिवशी मला उठायला उशीर व्हायचा. एखाद्या दिवशी वीजच नसायची, आणि आली की आधी माझा मान. तोवर मुरलीच्या दारात बंड्या उभ्या. लोक पोत्यांवर बसून बिड्या ओढत.

"काहून थांबली गिरणी?"

"मनोहरचा कंपुटर झोपून आहे अजून."

"मंग त्याले उठवा ना! घरी चुलीवर आंधन ठेवून आलो मी."

शालिकभाऊ तर भिंतीवरून ओरडायचे, "अगा मनोहर! साह्यबांनी तोंड धुतलं का? का दात घासून राहिले?"

मी आतून म्हणायचो, "शालिकभाऊ, विज्ञान आहे हे!"

"असन. पण मायं धान तं अडाणी आहे, त्याले काय सांगू?"

हळूहळू काही लोक बंड्या पुढे हाकून साकोलीच्या गिरणीवर जाऊ लागले. ते मला दिसत होतं. आणि एका सकाळी भिंतीवरून डोकं आलं नाही. सुनंदानं चहाचा तिसरा कप ओतून ठेवला होता, त्यावर साय आली.

"आज मुरलीभाऊ काहून नाई आले?" ती म्हणाली.

"काम असेल."

"कायचं काम? तुमच्या दुपट्ट्याची वाट पाहत बसले असन."

दुसऱ्या दिवशीही कप तसाच. तिसऱ्या दिवशी सुनंदानं तो ओतलाच नाही. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही हो. पण अभ्यासू माणसाचं एक दुखणं असतं. एकदा कारण सापडलं की त्याला उपायही मोठा सुचतो. मी मुरलीकडे गेलो आणि म्हणालो, "मुरली, हे रोजचं थांबणं तुलाही जड, मलाही जड. तू गिरणी तिकडे रोडवर का नाही नेत? मोठी लाईन आहे, व्होल्टेज भरपूर. तुझंच भलं."

मुरलीच्या हातात पाना होता. तो त्यानं खाली ठेवला.

"बापानं बसवलेली गिरणी आहे मनोहर. तुया त्या डब्यासाठी उचलून नेऊ?"

"डबा नाही. आणि मी सिद्ध करून दाखवू शकतो."

"कर मंग. रविवारी गिरणी चालू ठेवतो तुयासाठी. चार माणसांसमोर कर. खरं निघालं तं नेतो रोडवर. नाई निघालं तं..." त्यानं पाना पुन्हा उचलला. "नाई निघालं तं पुन्हा मायी गिरणी थांबवजो नको. जिंदगीत."

रविवारी आमच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. शालिकभाऊ पुढच्या ओळीत, पायाजवळ धानाचं पोतं ठेवून. खिडकीत लोक, दारात लोक. मुरली कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा, माझ्याकडे बघेना. पाहुणे पाहून सुनंदा मोठ्या पातेल्यात चहा करायला गेली.

मी खाकरलो. "मंडळी, प्रयोग दोन भागांत होईल. पहिल्या भागात गिरणी सुरू. कॉम्प्युटर उठणार नाही. दुसऱ्या भागात गिरणी बंद. कॉम्प्युटर उठेल. मुरली, लाव गिरणी."

मुरलीनं खिडकीतून गिरणीतल्या माणसाला खूण केली. भिंत थरथरली, बल्बनं मान टाकली, खिडकीतून कोंड्याचा लोट आत आला. मी कीबोर्डवरचा टॉवेल काढला, बटण दाबलं आणि वाट बघत राहिलो. मान वर केली.

निळा पडदा!

"खरंच बाप्पा!" शालिकभाऊ उठून उभेच राहिले. "मनोहर बरोबर बोलून राहिला!"

मुरलीकडे पाहवेना. बापाची गिरणी डोळ्यांदेखत उचलून नेत असल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. मलाही आत काहीतरी टोचलं. पण सत्य ते सत्य!

"आता भाग दुसरा. गिरणी बंद!"

गिरणी थांबली. बल्ब लख्ख. सगळीकडे शांतता. टेबलावर, पडद्यावर, सगळ्यावर पिवळ्या कोंड्याचा थर. मी बटण दाबलं. आता हा कॉम्प्युटर उठणार आणि माझी मान ताठ होणार. मान वर केली.

टूं टूं टूं टूं! काळा पडदा. ग्रब. रेघ लुकलुक.

"अबे," खिडकीतून कोणीतरी म्हणालं, "गिरणी तं बंद आहे ना?"

"थांबा, थांबा!" मला घाम फुटला. "वीज अजून सावरली नसेल." पुन्हा बटण. पुन्हा निळा. पुन्हा बटण. पुन्हा टूं टूं.

"याले आता कोणाची गिरणी बंद कराची?" शालिकभाऊ म्हणाले. "साकोलीची?"

बैठक हसली. मुरली मात्र हसला नाही, तो कोपऱ्यातून जरा पुढे आला. तेवढ्यात सुनंदा चहा घेऊन आली आणि पहिली कपबशी माझ्याच हातात दिली. काठोकाठ भरलेला कप, खाली बशी, दोन्ही हात गुंतले.

"मनोहर," मुरली म्हणाला, "मी दाबू का एक डाव?"

"दाब. पण काही उपयोग नाही."

"अन् गिरणी चालू करून दाबतो."

"मग तर बिलकुलच नाही!"

त्यानं खिडकीतून आरोळी दिली. गिरणी धडधडली, बल्बनं मान टाकली, कोंडा आला. मुरलीनं बटण दाबलं. मी कप सांभाळत उभा. पडद्यावर यादी आली, ग्रबनं क्षणभर वाट पाहिली, दार उघडलं आणि समोर माझं रोजचं चित्र! नवेगावचा तलाव, वर उडणारे बगळे.

शालिकभाऊ वाकून पडदा जवळून बघू लागले.

"पुन्हा कर," मी म्हणालो. मुरलीनं पुन्हा केलं. पुन्हा बगळे.

"आता मी करतो." मी कप सुनंदाच्या हातात दिला आणि खुर्चीवर बसलो. बटण दाबलं. निळा पडदा.

आणि मग सुनंदा बोलली. या सगळ्या दिवसांत कोणीच न विचारलेला प्रश्न तिनं विचारला.

"अहो, थे तुम्ही मघापासून काय पुसून राहिले?"

मी खाली पाहिलं.

माझ्या हातात लायब्ररीचं पिवळं फडकं होतं. ते कीबोर्डवर होतं. आणि हात अजून चालूच होता. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, एकेक बटण दाबून, कानाकोपऱ्यातला कोंडा काढत.

"धूळ..." मी म्हणालो.

"धूळ पुसाची तं बटणं दाबाची काय?"

मंडळी, आता सगळं सांगायची गरज आहे का? तो बिचारा ग्रब दारात उभा राहून विचारायचा, काय उघडू? आणि मी, त्याच्याकडे न बघता, फडक्यानं त्याला एका दमात सगळ्या बटणांची उत्तरं द्यायचो. हे दाब, ते दाब, वर, खाली, रद्द कर, आत जा, बाहेर ये! तो तरी काय करील? कधी सेटिंगच्या निळ्या पानावर जायचा, कधी तोंड मिटून बसायचा, कधी ओरडायचा, "पुरे, पुरे, पुरे!"

गिरणी चालू असली की धूळ, धूळ दिसली की फडकं. पावसाळ्यात भरडायला धानच थोडं, म्हणून कोंडाही थोडा. गिरणी बंद तर टॉवेलखालचा कीबोर्ड स्वच्छ, माझे हात मोकळे, आणि कॉम्प्युटर ठणठणीत. व्होल्टेजचा यात काडीचाही संबंध नव्हता. चोर सापडला होता, फक्त तो खुर्चीवर बसून तपास करत होता.

"पुसा बरं पुन्हा," सुनंदा म्हणाली. "साऱ्याइले पाहू द्या."

चार माणसांसमोर मला पुसावं लागलं. निळा पडदा. मग हात वर करून बसावं लागलं. बगळे. लोक टाळ्या वाजवायला लागले. शालिकभाऊंनी तर आपलं पोतं उचललं, खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "चाल मुरली, मायं धान काढ पहिले. विज्ञान झालं."

मुरली माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा बोलणार. बोलायलाच हवं होतं त्यानं. बंड्या दुसरीकडे गेल्या होत्या, त्याच्या वडिलांची गिरणी मी उचलायला निघालो होतो.

"मुरली, मी..."

"तू गप," तो म्हणाला. मग सुनंदाकडे वळला. "वहिनी, किती दिवसाचा चाय राह्यला माया?"

"राह्यला तेवढा सारा देते भाऊजी. बसा."

तो बसला. बसून कप घेतला, एक घोट घेतला आणि मग त्याला जे हसू सुटलं! कपातला चहा माझ्या कीबोर्डवर सांडला. मी फडकं घेऊन धावलो आणि अख्खी बैठक एका सुरात ओरडली, "हात नको लावू!"

तेव्हापासून आमच्याकडे नवीन नियम आहे. मुरली पूर्वीसारखा चहा पितो, जातो, गिरणी लावतो. कोणाची वाट बघत नाही. मी बटण दाबतो. आणि मग भिंतीपलीकडून, गिरणीच्या धडधडीवर मात करून त्याची आरोळी येते.

"मनोहर! हात कुठी आहेत?"

दुपट्टा गेला. आता मी खिडकीशी उभा राहून दोन्ही हात डोक्याच्या वर करून दाखवतो, कॉम्प्युटर पूर्ण उठेपर्यंत. पोती घेऊन आलेले लोक मोठ्या आस्थेनं बघतात. परवा बपेऱ्याकडचा एक नवखा पाहुणा रस्त्यानं चालला होता. मला तसं उभं पाहून तो घाबरला आणि सुनंदाला विचारू लागला, "बाई, घरात चोर घुसला का? यांना कोणी बंदूक दाखवून राहिलं का?"

सुनंदा अंगण झाडत होती. तिनं झाडू थांबवला नाही.

"नाई जी," ती म्हणाली, "चोर थोच आहे. आम्ही पकडून ठेवला."